पगार वाढवूनही नर्स सोडून जातायत? आधी कोण, कधी आणि कुठून जातंय ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्याकडे १२० स्टाफ नर्स, वर्षभरात ३६ सोडून गेल्या, मॅनेजमेंटनं पगार वाढवला तरी राजीनामे थांबेनात, एक्झिट फॉर्मवर सगळ्यांनी 'वैयक्तिक कारण' लिहिलंय आणि आता वरून दोन वर्षांचा बॉन्ड, म्हणजे तेवढा काळ नोकरी सोडायची नाही असा करार, आणायचं चाललंय. तुम्ही नव्यानेच नर्सिंग सुपरिटेंडेंट झालाय आणि विचारताय की बॉन्डनं फरक पडेल का, नाहीतर काय करायचं. मी बरीच वर्षं वॉर्डात आणि नंतर नर्सिंग अ‍ॅडमिनमध्ये काढलीयत त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, सावकाश वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे ३६ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. १२० पैकी ३६ म्हणजे ३० टक्के, ऐकायला भयंकर. पण समजा त्यातल्या २२ जणी जॉइन होऊन वर्षही न झालेल्या आहेत, तर तुमचा प्रॉब्लेम नवीन मुलींना सांभाळण्याचा आहे. समजा १५ एकट्या आयसीयूमधून गेल्यात, तर प्रॉब्लेम हॉस्पिटलचा नाही, त्या एका युनिटचा आहे. आणि समजा आठ-दहा वर्षं झालेल्या सिनियर सिस्टर जातायत तर तो तिसराच आजार, आणि तो सगळ्यात महाग पडतो. या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. म्हणून एचआरकडून राजीनाम्यांची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे तीनच गोष्टी लिहा, किती महिने काम केलं, कुठल्या वॉर्डात होती, त्या वॉर्डाची इन्चार्ज कोण होती. एका संध्याकाळचं काम आहे, पण त्या कागदावर जे दिसतं ते एक्झिट फॉर्मच्या गठ्ठ्यात कधीच दिसत नाही.

एक्झिट फॉर्मवर खरं कोणी का लिहील? तिला रिलीव्हिंग लेटर हवंय, एक्सपिरियन्स सर्टिफिकेट हवंय, उद्या रेफरन्ससाठी तुम्हालाच फोन येणार आहे. त्यामुळे 'वैयक्तिक कारण' हे उत्तर नसून सुरक्षित उत्तर आहे. खरं ऐकायचं असेल तर दोन वेळा आहेत. एक, सोडून तीन-चार महिने झाल्यावर साधा फोन, आणि तो तिच्या जुन्या इन्चार्जनं करायचा नाही. दुसरी वेळ जास्त मोलाची, ती अजून तुमच्याकडे कामावर असतानाची. बसवून विचारायचं की बाई, गेल्या महिन्यात कधी असं वाटलं का की आता पुरे, आणि त्या दिवशी नेमकं काय झालं होतं. 'काय झालं होतं' हे विचारणं महत्त्वाचं, कारण 'तुला काय हवंय' विचारलं की सगळ्या पगार म्हणतात, आणि 'त्या दिवशी काय झालं' विचारलं की ड्युटी, ऑफ, इन्चार्ज, डॉक्टर, नातेवाईक हे सगळं बाहेर येतं.

आता पगाराबद्दल स्पष्ट बोलते, कारण पगाराचं काही नसतं असं म्हणणारे लोक मला पटत नाहीत. तुमचा पगार आसपासच्या हॉस्पिटलपेक्षा बराच कमी असेल तर पुढचं काहीही करू नका, आधी तो नीट करा, नाहीतर बाकीच्या गोष्टी म्हणजे नुसत्या गप्पा होतात. पण एकदा तो बरोबरीला आला की आणखी थोडा वाढवून फारसं काही मिळत नाही. थकलेल्या माणसाला जास्त पैसे दिले तरी थकवा तेवढाच राहतो. तुमच्याकडे वाढ देऊनही राजीनामे चालू आहेत यावरून मला तरी वाटतं की तुम्ही त्या टप्प्याच्या पुढे आलाय, पण वाढ किती आणि आसपास किती देतात ते मला माहीत नाही, तेवढं तपासून घ्या.

आणि काही जणी जाणारच. लग्न, बदली, पुढचं शिक्षण, परदेश. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे २ कोटी ९८ लाख नर्स आहेत आणि तरीही साधारण ५८ लाखांची कमतरता आहे, आणि जगातल्या दर ७ नर्सपैकी एक आपल्या जन्माच्या देशाबाहेर काम करते. म्हणजे चांगल्या नर्सला बाहेर मागणी आहे आणि राहणार. तिला थांबवणं तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात ती आहे जिला खरंतर जायचं नव्हतं. तिच्यावरच बोलूया.

नवीन आलेल्यांपासून सुरू करते. कॉलेजात शिकवलेलं नर्सिंग आणि वॉर्डातलं नर्सिंग यातल्या अंतरानं पोरी हादरतात, हे काही आजचं नाही. १९७४ मध्ये मार्लीन क्रेमर या अमेरिकन नर्स-संशोधिकेनं त्याला 'रिअ‍ॅलिटी शॉक' म्हटलं आणि त्याचे टप्पे सांगितले, आधी सगळं छान वाटतं, मग धक्का, मग हळूहळू सावरणं. धक्क्याचा टप्पा साधारण तेव्हाच येतो जेव्हा हॉस्पिटल तिला 'ट्रेन झाली' म्हणून मोकळं सोडतं. बऱ्याच ठिकाणी काय होतं की पहिले काही दिवस ओरिएंटेशन, फायर सेफ्टी, इन्फेक्शन कंट्रोलचं लेक्चर, एक आयकार्ड, आणि मग स्टाफ कमी म्हणून थेट नाइटला, अख्ख्या वॉर्डात ती आणि अजून एक तिच्यासारखीच नवीन. रात्री तीन वाजता पेशंटचं बीपी खाली गेलं की कोणाला उठवायचं, डॉक्टर ओरडले तर काय करायचं, हे कोणी सांगितलेलं नसतं. अशा दोन-तीन रात्री गेल्या की मुलगी मनानं नोकरी सोडते, राजीनामा फक्त नंतर येतो.

यावर उपाय प्रीसेप्टरचा, म्हणजे नवीन मुलीला सोबत ठेवून शिकवणाऱ्या अनुभवी सिस्टरचा, हे सगळ्यांना माहीत आहे आणि जवळजवळ सगळे तो कागदावर करतात. माझ्या अनुभवात तो चालतो की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं, नवीन मुलीला शिकवणाऱ्या सिस्टरचे पेशंट कमी केले का? तिला तिचे नेहमीचे पेशंट आणि वर नवीन मुलगी असं दिलं तर ती शिकवत नाही, ती हाकलते, आणि त्यात तिचा दोष नाही. मी नेहमी आग्रह धरते की पहिले काही आठवडे नवीन मुलीला ड्युटी शेड्यूलमध्ये स्टाफ म्हणून धरायचंच नाही, ती एक्स्ट्रा. प्रीसेप्टर शक्यतो एकच ठेवायची आणि दोघींची शिफ्ट एकत्र लावायची, रोज वेगळ्या सिस्टरच्या हाताखाली दिलं तर रोज वेगळी पद्धत आणि रोज नव्यानं बोलणी. नाइटला सोडताना तिच्यासोबत किमान एक अनुभवी हवीच. आणि तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याच्या आसपास तुम्ही स्वतः तिच्याशी बोला, दहा मिनिटं पुरतात. मॅनेजमेंट म्हणेल एवढा एक्स्ट्रा स्टाफ परवडत नाही. त्याचं उत्तर खाली देते.

पुढचा विषय पेशंटची संख्या. याच्यावर पुरावा भक्कम आहे. २००२ मध्ये लिंडा एकेन या अमेरिकन नर्सिंग संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ हॉस्पिटलचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एका नर्सकडे सरासरी एक पेशंट वाढला की बर्नआउटची (कामानं पार थकून जाण्याची) शक्यता २३ टक्क्यांनी, नोकरीबद्दल नाराजीची १५ टक्क्यांनी आणि सर्जरीच्या पेशंटच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तुमच्या मॅनेजमेंटला यातला शेवटचा आकडा आधी दाखवा. कॅलिफोर्नियानं १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून किमान रेशो, म्हणजे एका नर्समागे किती पेशंट याचे आकडे, लागू केले, आयसीयूत एका नर्सला जास्तीत जास्त २ पेशंट, मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आधी ६ आणि २००५ पासून ५. आपल्याला लगेच ते जमेल असं नाही, पण कुठे पोचायचंय ते माहीत असावं.

पण नुसता रेशो मोजून थांबू नका. एकाच वॉर्डात सहा पेशंट म्हणजे कधी हलकं काम आणि कधी मरण. सकाळी तीन डिस्चार्ज, दुपारी तीन नवीन अ‍ॅडमिशन, त्यात एक नुकतंच ऑपरेशन झालेला, मध्यरात्री बारा वाजता मोजलं तर तेच सहा, पण काम नऊ पेशंटचं झालेलं असतं. शिवाय नर्सचा केवढा वेळ नर्सिंग सोडून बाकीच्या गोष्टीत जातो बघा, फार्मसीतून औषध आलं नाही म्हणून फोन, इन्फ्युजन पंप (सलाईन-औषध मोजून सोडणारं यंत्र) शोधत फिरणं, बिलिंगवाल्यांचा फोन, इन्शुरन्सचे कागद, लिनन संपलंय, तीच माहिती एकदा कागदावर आणि एकदा कॉम्प्युटरवर. एक आठवडा दोन वॉर्डात सिस्टरना सांगा की नर्सिंगशिवाय दुसऱ्या कामासाठी पेशंटपासून उठावं लागलं की वहीत एक रेघ मारा आणि कारण लिहा. नवीन पोस्ट मंजूर व्हायला वर्ष लागेल, पण फार्मसीची डिलिव्हरी वॉर्डात आणून देणं, एक वॉर्ड क्लार्क देणं, प्रत्येक मजल्यावर पंप ठेवायची ठरलेली जागा करणं, हे महिन्यात होतं. आणि सिस्टरना पहिल्यांदा दिसतं की आपण सांगितलेलं कोणीतरी केलं. त्याचा परिणाम मी पाहिलाय, तो कामाच्या बचतीपेक्षा मोठा असतो.

आता ड्युटी शेड्यूल. माझं ठाम मत आहे की पगार ठीक असलेल्या हॉस्पिटलमध्ये सगळ्यात जास्त नर्स ड्युटी शेड्यूलमुळे जातात, आणि मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये सगळ्यात कमी चर्चा त्याचीच होते कारण ते इन्चार्जचं किरकोळ काम समजलं जातं. नर्सचं अख्खं घर त्या कागदावर चालतं. मुलाची परीक्षा, सासूचं ऑपरेशन, स्वतःची डॉक्टरची अपॉइंटमेंट, सगळं. आणि तो कागद शनिवारी रात्री लागतो सोमवारपासूनचा, वर मंगळवारी बदलतो. ऑफच्या दिवशी सकाळी फोन येतो की अमुक आली नाही, येतेस का, आणि नाही म्हटलं तर पुढच्या वेळी नाइट जास्त लागतात, हे कोणी बोलत नाही पण सगळ्यांना माहीत असतं. मग ती फोनच उचलत नाही. मग इन्चार्ज म्हणते आजकालच्या मुलींना कमिटमेंट नाही.

मी काय करायला सांगते तर, शेड्यूल निदान चार आठवडे आधी लागलं पाहिजे आणि लागल्यावर तिला विचारल्याशिवाय बदलायचं नाही. ऑफ, नाइट आणि सणवाराच्या ड्युट्या कोणाला किती लागल्या याचा तक्ता सगळ्यांना दिसेल असा लावायचा, कारण अन्याय होतो त्यापेक्षा अन्याय होतोय की नाही हे कळत नाही याचा त्रास जास्त असतो. इव्हिनिंग करून दुसऱ्या दिवशी मॉर्निंग लावायची नाही. युरोपियन युनियनच्या नियमात कामाच्या दोन दिवसांमध्ये सलग ११ तास विश्रांती सांगितलीय, आणि रात्री नऊला हँडओव्हर देऊन घरी जाऊन सकाळी सातला परत येणारीला ती मिळणं शक्यच नाही. एकमेकींत ड्युटी बदलायला परवानगी द्या, अट एकच, दोघींची कौशल्यं सारखी हवीत आणि इन्चार्जला आधी कळवायचं. आणि अचानक कोणी आलं नाही तर त्यासाठी लहानशी फ्लोट टीम, जी कुठल्याच वॉर्डाची नाही आणि जिला त्याबद्दल थोडं जास्त मिळतं. चार-पाच जणी असल्या तरी ऑफच्या दिवशीचे फोन बरेच कमी होतात. ही टीम मिळाली नाही तर निदान ऑफला बोलावल्याचे वेगळे पैसे आणि बदली ऑफची तारीख त्याच दिवशी लिहून द्या, 'नंतर बघू' नको.

बारा तासांच्या शिफ्टबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण कोणीतरी सुचवेलच, आठवड्याला दिवस कमी लागतात म्हणून. स्टाफला ती आवडते हे खरं आहे. पण २०१२ मध्ये अमेरिकेतल्या चार राज्यांच्या नर्सवरचा एक अभ्यास आला होता, त्यात ८० टक्क्यांहून जास्त नर्स आपल्या शेड्यूलवर समाधानी होत्या आणि तरीही १० तास किंवा त्याहून लांब शिफ्ट करणाऱ्यांमध्ये बर्नआउट, नाराजी आणि सोडून जायचा विचार यांची शक्यता अडीच पटीपर्यंत जास्त होती. म्हणजे फक्त मतदान घेऊन हे ठरवू नका. द्यायचीच तर सलग किती दिवस आणि मध्ये खरा ब्रेक मिळतो का हे आधी पक्कं करा, आणि बाराचे चौदा तास होणार नाहीत याची काळजी घ्या, कारण हँडओव्हर आणि नोट्स त्या बारा तासांनंतरच लिहिल्या जातात.

मग येते इन्चार्ज सिस्टर. मघाशी नावापुढे इन्चार्ज लिहायला सांगितलं ते याचसाठी. एकाच हॉस्पिटलात, त्याच पगारावर, एका वॉर्डातून वर्षभर कोणी जात नाही आणि शेजारच्या वॉर्डातून दर महिन्याला एक जाते, तर फरक बहुतेक वेळा तिथेच असतो. पण लगेच त्या बाईला दोषी धरू नका. तिला इन्चार्ज केलं ते ती चांगली बेडसाइड नर्स होती म्हणून किंवा सिनियर होती म्हणून, माणसं कशी सांभाळायची हे तिला कोणी शिकवलेलं नाही. वर तिच्याकडे ३०-४० माणसं, स्वतःचे पेशंट, इन्डेंट (साहित्याची मागणी), ऑडिट, शेड्यूल, सगळं. अशी बाई ओरडणारच. तिला पेशंट असाइनमेंटमधून मोकळं करा, शेड्यूल बनवायला क्लार्कची मदत द्या, आणि तक्रार कशी ऐकायची, चूक झाल्यावर सगळ्यांसमोर न बोलता बाजूला घेऊन कसं बोलायचं एवढं तरी शिकवा. एवढं करूनही ती जर पोरींना रडवत असेल तर मात्र तिला त्या जागेवरून हलवायचं धाडस तुम्हाला करावं लागेल, ती कितीही जुनी असली तरी.

याच्याच जोडीला एक गोष्ट, डॉक्टर नर्सवर राउंडमध्ये पेशंटसमोर ओरडले किंवा नातेवाईक अंगावर धावून आले तर दुसऱ्या दिवशी काय होतं? काहीच होत नसेल तर स्टाफनं त्याचा अर्थ लावलेला असतो. तुम्ही त्याच दिवशी वॉर्डात जाऊन तिच्याशी बोललात, इन्सिडेंट रिपोर्ट तुम्ही स्वतः पुढे नेलात, त्या डॉक्टरच्या हेडशी बोललात, हे अख्ख्या हॉस्पिटलच्या स्टाफला संध्याकाळपर्यंत कळतं. औषधाच्या चुकीचंही तेच. चूक सांगितल्यावर मेमो मिळतो असं दिसलं की चुका लपतात आणि घाबरलेली माणसं जातात.

सिनियर सिस्टरचं वेगळं आहे. त्यांना बहुतेक ठिकाणी पुढे जायचा एकच रस्ता असतो, पेशंट सोडून ऑफिसात. ज्यांना पेशंटजवळच राहायचंय त्यांचा हुद्दा आणि पगार वर्षानुवर्षं तिथंच, आणि नवीन आलेलीचा पगार बाजारभावानं जवळजवळ त्यांच्याइतकाच. तुमच्या पगारवाढीत हे झालंय का बघा, नवीन लोकांचा स्टार्टिंग पगार वाढवला आणि जुन्यांचा तसाच ठेवला तर तुम्ही स्वतःच जुन्यांना बाहेरचा रस्ता दाखवलाय. वाउंड केअर, आयसीयू, डायलिसिस, शिकवणं यात वेगळी ग्रेड द्या. पाठ-गुडघे गेलेल्यांना नाइट कमी करून प्रीसेप्टर, ट्रायज (कोणत्या पेशंटला आधी बघायचं ते ठरवणं), डिस्चार्ज समुपदेशन अशी कामं द्या. १९८३ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगनं नर्सची टंचाई असतानाही नर्स टिकवून ठेवणारी ४१ हॉस्पिटलं शोधली होती, पुढे त्यातूनच चांगल्या नर्सिंगसाठी हॉस्पिटलला मिळणारी 'मॅग्नेट' मान्यता आली, तिथे जे सापडलं त्यात पुरेसा स्टाफ आणि लवचिक शेड्यूल होतंच, पण नर्सिंगचे निर्णय नर्सच्या हातात असणं आणि वरच्या जागी ऐकून घेणारी नर्सिंग लीडर असणं हेही होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, बॉन्ड. मी आणू नका म्हणेन. बॉन्डनं माणूस थांबतो पण काम थांबलेलं असतं, ती दिवस मोजते आणि तारीख संपली की जाते, आणि तोपर्यंत नवीन मुलींना सांगत राहते की इथे येऊ नका. चांगल्या उमेदवार बॉन्ड बघूनच दुसरीकडे जातात, म्हणजे तुमच्याकडे पर्याय नसलेल्याच येतात. ओरिजिनल सर्टिफिकेट अडवून ठेवणं तर अजिबात नको, कोणी सुचवलं तरी. हॉस्पिटलनं खरंच एखाद्या महागड्या स्पेशल कोर्सचा खर्च केला असेल तर त्यापुरता, कालावधी ठरवून लेखी करार समजू शकते. थांबल्याबद्दल एकरकमी बोनसचंही साधारण तेच, पैसे हातात आले की राजीनामे एकदम येतात, द्यायचाच तर तुकड्यातुकड्यानं द्या आणि त्याच्या भरवशावर बाकीचं टाळू नका.

मॅनेजमेंटला पटवायचं कसं? खर्च त्यांच्या भाषेत मांडा, पण बाहेरचा आकडा उसना आणू नका, तुमचाच काढा. एक नर्स गेल्यावर जागा भरेपर्यंत किती ओव्हरटाइम किंवा एजन्सीचे पैसे गेले, जाहिरात-इंटरव्ह्यू, ट्रेनिंगच्या आठवड्यांचा पगार, त्या काळात बंद ठेवलेले बेड. हे एका जागेचं काढा आणि ३६ नं गुणा. मघाशी म्हटलं ना की नवीन मुलीला एक्स्ट्रा ठेवायचा खर्च परवडत नाही म्हणतील, तो खर्च या आकड्याशेजारी ठेवा, बहुतेक वेळा वाद तिथेच संपतो.

सगळं एकदम करायला जाऊ नका. पहिल्या महिन्यात यादी आणि बोलणी, दुसऱ्या-तिसऱ्यात एका वॉर्डात शेड्यूलचे नियम आणि रेघांची वही, मग नवीन बॅचपासून प्रीसेप्टर. सुरुवातीला त्रास असलेला पण इन्चार्ज बदलाला तयार असलेला वॉर्ड घ्या, सगळ्यात वाईट वॉर्ड नको, तिथे अपयश आलं तर मॅनेजमेंट पुढचं ऐकणार नाही. आणि पहिले सहा महिने एकूण राजीनाम्यांचा आकडा फारसा हलणार नाही, कारण ज्यांनी आधीच ठरवलंय त्या जाणारच आहेत. त्याऐवजी दोन आकडे दर महिन्याला बघा, लावलेले ऑफ किती रद्द झाले आणि नवीन आलेल्यांपैकी सहा महिने किती टिकल्या. हे दोन सुधारायला लागले की एकूण आकडा मागून येतो. यादी काढल्यावर वॉर्डनिहाय काय दिसलं ते लिहा, आयसीयू आणि जनरल वॉर्डसाठी पुढचं उत्तर वेगळं असेल.